मुलांना खोली द्या, नावांची यादी मागू नका

प्रति,
माननीय कुलगुरू, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ,
तसेच नागपुरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी, आणि वसतिगृहांचे गृहपाल व वॉर्डन

सविनय नमस्कार.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. आठवडाभर आधी परिपत्रक येतं. मग सभागृह मिळवा, फ्लेक्स छापा, पाहुण्यांचा पुष्पगुच्छ सांगा, अशी धावपळ सुरू होते. दीपप्रज्वलन होतं. शहरातले एखादे मानसोपचारतज्ज्ञ वेळात वेळ काढून येतात, तासभर चांगलं बोलतात. चौथ्या रांगेच्या मागे सगळे मोबाइलवर असतात. आभार मानले जातात आणि जिओ-टॅग केलेल्या, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या, फोटोंसह अहवाल संध्याकाळच्या आत आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाकडे, रवाना होतो. मी राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आहे. हे अहवाल मीच लिहितो, त्यामुळे त्यांची किंमत मला बरोब्बर ठाऊक आहे.

हे पत्र उरलेल्या वर्षाबद्दल आहे. आपल्या महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत काही मुलंमुली, कुणी न सांगता, एकमेकांचं ऐकून घेणारे छोटे गट चालवतात. कुठे त्याला क्लब म्हणतात, कुठे नुसता व्हॉट्सॲप ग्रुप असतो, कुठे काहीच नाव नसतं. या गटांना हक्काची जागा द्या, नीट प्रशिक्षण द्या, पाठीशी एक तज्ज्ञ माणूस द्या, आणि मग त्यांच्या कामात डोकावू नका, एवढंच मागायला लिहितो आहे. मागणी छोटी दिसते. तिचा शेवटचा भाग सगळ्यात जड जाणार, हेही माहीत आहे.

आधी हे गट करतात काय ते सांगतो, कारण बाहेरून पाहिलं तर पोरं नुसती टवाळक्या करत बसलीत असंच वाटतं.

मी जवळून पाहतो तो गट दहा-बारा जणांचा. दोघी मानसशास्त्राच्या, एक समाजकार्याचा, बाकी बी.कॉम., बी.एस्सी. आठवड्यातून दोन दुपारी ते क्रीडा विभागाच्या सामानाच्या खोलीत बसतात. एका बाजूला व्हॉलीबॉलचं गुंडाळलेलं जाळं, फाटके ग्लोव्हज, हवा गेलेले फुटबॉल. दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या चार खुर्च्या. दारावर पाटी नाही. पाटी लावली की येणारेही यायचे बंद होतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तसंही खोलीत फारसं कुणी येत नाही. खरं काम मेसमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत आणि रात्री अकरानंतर वसतिगृहाच्या जिन्यात चालतं.

एक प्रसंग लिहितो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, रविनगरच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारा पहिल्या वर्षाचा मुलगा. खासगी मेसमध्ये जेवायचा. पोळ्या वाढणाऱ्या काकूंच्या लक्षात आलं की हा ताट घेतो, दोन घास खातो आणि उठतो. त्यांनी गटातल्या एका मुलाच्या कानावर घातलं. तो दुसऱ्या दिवशी याच्यासमोर ताट घेऊन बसला. काही विचारलं नाही. पुढच्या दिवशीही बसला. असं करता करता एकदा वरणावरून बोलणं निघालं, वरणावरून घर निघालं, घरावरून बाप. मग कळलं की हिवाळी परीक्षेचा निकाल 'विथहेल्ड', म्हणजे राखून ठेवलेला, दाखवतोय, घरी सांगितलेलं नाही, भाडं थकलंय आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या पोराने इथे काय म्हटलं असतं? "कायले टेन्शन घेतं बे, होते सगळं बरोबर." खांद्यावर थाप मारून तर्री-पोहे खायला नेलं असतं. प्रेमानेच. पण हे ऐकलं की समोरचा पुढचं बोलतच नाही, कारण आपलं दुखणं ऐकायची याची तयारी नाही हे त्याला कळतं. प्रशिक्षणात गटातल्या मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे एक वाक्य गिळायला. त्या दिवशी त्या मुलाने ते गिळलं आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं येते का रे मनात?" उत्तर आलं, "कधी कधी."

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, अशी भीती शिक्षकांनाही असते. ती खरी नाही. मोकळेपणाने विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे.

गटातल्या त्या मुलाने ही गोष्ट स्वतःजवळ ठेवली नाही. गटाचा नियमच तसा आहे: जिवाचा प्रश्न आला की गुपित संपलं. त्याला सांगूनच मला फोन केला. रात्री दोघंजण त्याच्या खोलीवर झोपायला गेले आणि सकाळी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत केसपेपरच्या रांगेत त्याच्यासोबत उभे राहिले. उपचार सुरू झाले. त्याच आठवड्यात गटातली एक मुलगी त्याला घेऊन परीक्षा विभागात गेली. इंटर्नलचे गुण अपलोड व्हायचे राहिले होते. बस, एवढंच होतं.

मनाचं दुखणं खूपदा असं एखाद्या खिडकीपाशी अडकलेलं असतं. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुणाच्या तरी लॉगिनला पडून आहे. स्वाधार योजनेतल्या सरकारी मदतीचा हप्ता आला नाही म्हणून घरमालक दारात उभा आहे. आडनाव कळल्यावर रूम पार्टनरचं बोलणं बदललं. घरून फोन येतो, "या वर्षी स्थळं पाहून ठेवतो, परीक्षा काय होतच राहील." अशा मुलीला आजाराचं नाव देऊन गोळी देण्याआधी तिच्या बाजूने घरी बोलणारं कुणीतरी लागतं. समुपदेशक हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण समुपदेशक कुणासोबत रांगेत उभा राहत नाही, ते मित्रच करतात.

आपण म्हणाल, मेंटॉर-मेंटी योजना आहेच की. आहे. प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस मुलं, एक फाइल, वर्षातून ठरावीक वेळा सह्या. पण जो माणूस इंटर्नलचे गुण देणार, त्याच्यापुढे बसून 'सर, मला रात्री रडू येतं' असं कोण सांगेल? माझ्या फाइलमध्ये 'अडचणी' या रकान्यात बहुतेकांनी 'नाही' लिहिलंय. एकाने लिहिलंय, 'बसची वेळ'. तो सगळ्यात प्रामाणिक.

आणि दवाखान्यापर्यंत जाण्याचं म्हणाल, तर राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे. त्याच्या बाजूच्या चौकाला ऑटोवाले अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने ऑटोत बसून तो पत्ता सांगावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सोबत मित्र असला की सांगता येतो. दोघं हसतही असतील सांगताना, हसू देत.

डॉक्टर नसलेली माणसं हे काम करू शकतात का, असा प्रश्न प्राचार्यांच्या बैठकीत हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'संगाथ' या संस्थेने 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी नैराश्याबद्दल बोलायचं, ऐकून घ्यायचं, प्राथमिक आधार द्यायचा आणि गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. सहापट. गावकऱ्यांना जमलं ते पदवीच्या मुलांना जमणार नाही, असं म्हणायला तोंड नाही आपल्याला. शिवाय ही मुलं त्याच गावांतून आलेली असतात. घरात कर्जाची, नापिकीची बोलणी ऐकतच ती वाढली आहेत. आपल्या फीचे हप्ते कशातून निघतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच एक विषय राहिला तरी जगबुडी झाल्यासारखं वाटतं.

बाहेर तर हे जुनंच आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७० साली 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री विद्यार्थीच फोनवर बसतात, नाव विचारत नाहीत, उपदेश करत नाहीत, फक्त ऐकतात; पुढे ती अनेक विद्यापीठांत पसरली. अमेरिकेत ॲलिसन मॅल्मन या विद्यार्थिनीचा भाऊ २००० साली आत्महत्येने गेला. तिने आपल्या विद्यापीठात जो गट सुरू केला त्यातून 'ॲक्टिव्ह माइंड्स' ही संघटना उभी राहिली, आणि आज शेकडो कॅम्पसवर तिच्या विद्यार्थी शाखा आहेत. दोन्हीकडे संस्थांनी मुलांवर विश्वास टाकला. आपल्याकडे गणेशोत्सवाचा मंडप आणि गॅदरिंगचा हिशोब आपण मुलांच्या हाती बिनधास्त देतो. ऐकण्याचं काम द्यायला मात्र हात आखडतो.

आकडे आपणासमोर असतीलच, तरी एक लिहितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, राज्यांमध्ये सर्वाधिक. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याहून छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावायचे. आता 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावून मानसशास्त्राच्या मॅडमकडे अतिरिक्त कार्यभार सोपवला, की झालं पालन, असं कुणी समजू नये. मॅडमना आठवड्याला किती तास असतात ते आपणच लावून देता.

आता भीतीबद्दल. पोरं कच्ची आहेत, काही भलतं झालं तर जबाबदार कोण, हे प्राचार्य विचारतात आणि ते विचारणं रास्त आहे. प्रशिक्षणाशिवाय कुणालाही या कामात ढकलू नये, हे माझंही म्हणणं. ऐकणाऱ्यावरही ओझं येतं. आमच्या गटातली एक मुलगी एका मैत्रिणीचं सगळं ऐकून आली आणि दोन रात्री तिला स्वतःला झोप नव्हती. तेव्हापासून कुणी एकट्याने गंभीर बाब हाताळत नाही, परीक्षेच्या काळात ज्याला सुट्टी हवी त्याला सुट्टी, आणि महिन्यातून एकदा एक मानसशास्त्रज्ञ येऊन या मुलांचं ऐकतात. ते येतात ओळखीखातर, पेट्रोलसुद्धा मागत नाहीत. किती दिवस येतील?

दुसरी भीती पोलिसांची. प्रकरण बाहेर गेलं तर मुलावर केस होईल, म्हणून घरचे आणि कधीकधी आपलेच लोक दडपायला बघतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं. तिला शिक्षा नाही, तिची काळजी घेणं आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. हे कलम वसतिगृहाच्या प्रत्येक गृहपालाला माहीत असायला हवं. सध्या ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं माहीत असतं.

तिसरी भीती कुणी उघड बोलत नाही: कॉलेजचं नाव खराब होईल. या भीतीपायीच सगळा खेळ बिघडतो. नाव न घेता सांगतो. एका महाविद्यालयात असाच गट चांगला चालला होता. मग व्यवस्थापनाला उत्साह आला. आधी सांगण्यात आलं, प्रत्येक बैठकीचे फोटो काढा, जिओ-टॅगसह. रडणाऱ्या मुलीचा जिओ-टॅग फोटो कसा काढायचा, हे काही कुणी सांगितलं नाही. मग नोंदवही आली: नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक, समस्या, केलेली कार्यवाही, सही. मग एक दिवस निरोप आला, 'अशा' मुलांची यादी कार्यालयात द्या, पालकांना बोलावून घेऊ. यादी कुणी दिली नाही. पण यादी मागितली गेली ही बातमी दुपारच्या आत कँटीनला पोचली होती. त्यानंतर त्या खोलीत कुणी फिरकलं नाही. कागदोपत्री गट अजून आहे म्हणे.

या पत्रात इतर सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मुलं गटाकडे येतात ती गोष्ट तिथेच राहील या भरवशावर. पालकांना कळवावं की नाही, हे बहुतेक वेळा त्या मुलामुलीनेच ठरवायचं असतं; कधी घरच दुखण्याचं कारण असतं. जिवाला धोका असेल तेव्हा गुप्तता मोडायची, आणि ती कुणाजवळ मोडायची हे आधीच ठरलेलं असायचं. तो माणूस एकच असावा, तज्ज्ञ असावा, आणि गुण देणारा किंवा शिस्त समितीवर बसणारा नसावा. किती तास बसलात, किती जणांना पुढे पाठवलं, एवढे आकडे जरूर मागा. नावं मागू नका.

बाकीच्या मागण्यांना फार शब्द लागत नाहीत. खोली द्या, सामानाचीही चालेल, पण चावी मुलांकडे असू द्या. तज्ज्ञाचं मानधन प्रवेशाच्या वेळी निरनिराळ्या नावांनी आपण जे शुल्क घेतो त्यातून निघतं, मी हिशोब करून पाहिलाय. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं. वृक्षारोपणाचे तास धरतो तसे या प्रशिक्षणाचे आणि ऐकण्याचे तास धरा, नव्या शैक्षणिक धोरणातल्या सहअभ्यासक्रम श्रेयांकांतही बसवा. विद्यार्थी विकास मंडळाने एकच छोटी नियमावली केली, तर भंडारा, वर्धा, गोंदियाच्या महाविद्यालयांनाही ती लागू होईल. तिथे तर अशा गटांची गरज आणखी मोठी. गटात मराठी, हिंदीबरोबर गोंडी बोलणारं एखादं पोर असावं, याकडे जरा लक्ष द्या.

आणि टेली-मानसचा क्रमांक. १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आपण तो प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या काचेच्या फलकात लावतो, बाजूला सीसीटीव्ही. तिथे उभं राहून कोण नंबर उतरवून घेईल? तो स्वच्छतागृहांच्या दाराच्या आतल्या बाजूने लावा, अभ्यासिकेच्या टेबलांवर चिकटवा, मेसच्या कुपनवर छापा. खर्च नगण्य आहे, आणि यासाठी कुठल्याही समितीची मंजुरी लागत नाही.

हिवाळी परीक्षांचं वेळापत्रक लागायच्या आत पहिलं प्रशिक्षण झालं तर उपयोग आहे. निकालानंतर केलं तर तो पुन्हा अहवालापुरता कार्यक्रम होईल. शिकवायला आमच्या गटातल्या दोघी कुठल्याही महाविद्यालयात यायला तयार आहेत. शनिवारी दुपारी दोननंतर त्या मोकळ्या असतात, त्याआधी प्रॅक्टिकल असतं, तेवढं बघून बोलवावं. दीपप्रज्वलन नको, असं त्यांनी आवर्जून सांगायला सांगितलं आहे.

आपला विश्वासू,
नागपुरातील एका महाविद्यालयातील रासेयो कार्यक्रम अधिकारी